आता असं करायचं

त्या कचेरीत ‘चढवणं’ या शब्दाचा एकच अर्थ होता. ज्या विद्यार्थ्याची मुदत संपत आलीय त्याला फोन करायचा, आहे तोच वर्ग आणखी तीन महिने चालू ठेवायला लावायचा, आणि तेवढ्यात तो बऱ्या मूडमध्ये सापडला तर वरच्या पायरीचा वर्गही त्याच्या गळ्यात घालायचा. पहिल्या कामाला कागदोपत्री नूतनीकरण म्हणत. दुसऱ्याला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण ते घ्यायला कुणाला सवड नव्हती. “आज किती चढवल्या?” एवढं विचारलं की भागायचं.

हाताने करायच्या सगळ्या गोष्टी ही कंपनी पडद्यावरून शिकवायची. शिवण, सुतारकाम, पंखे दुरुस्ती, केस कापणं. विद्यार्थ्यांना फोन करणाऱ्या पाच जणी एका लांब टेबलाशी बसत, आणि त्यांतल्या सगळ्यात नव्या मुलीला सगळे ‘शास्त्रज्ञ’ म्हणत. तिच्याकडे पदार्थविज्ञानाची पदवी होती हे एक कारण. दुसरं असं की रोज सकाळी जी ‘गरम यादी’ येते ती गरम आहे हे ठरवतं कोण, असा प्रश्न तिने पहिल्याच आठवड्यात विचारला होता. त्याआधी तो कुणालाच पडला नव्हता.

“कॉम्प्युटर ठरवतो,” विभागप्रमुख टक्केताई म्हणाल्या होत्या. “जो जास्त वेळ बघतो त्याला जास्त आवड. ज्याला आवड तो चढतो. साधं आहे.” टक्केताईंना हे नाव उगाच पडलं नव्हतं. त्यांचं डोकंसुद्धा ऐंशी टक्के दुखायचं.

शास्त्रज्ञचं तेवढ्याने समाधान झालं नव्हतं, पण पाच महिने तिने यादी मुकाट्याने वापरली. पाय मात्र मुकाट राहत नसत. फोन लागेपर्यंत तिचा उजवा गुडघा टेबलाखाली असा काही हलायचा की शेजारच्या कविराजाच्या कपातली कॉफी हिंदकळायची. कविराज म्हणजे विद्यार्थ्यांना जाणारे संदेश आणि फोनवर बोलायची वाक्यं लिहिणारा तिशीतला माणूस. ‘तुमचं स्वप्न तुमची वाट बघतंय, तुम्ही कुणाची बघताय?’ हे त्याचंच.

बुधवारी सकाळी गरम यादीत पहिलं नाव होतं एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करणाऱ्या बाईंचं. वर्ग: ‘कपडे बेतणं, पायरी एक’. मुदत शनिवारी संध्याकाळी सहाला संपणार. तीन महिन्यांपूर्वी शास्त्रज्ञनेच त्यांचं नूतनीकरण केलं होतं. मनात ती त्यांना लाँड्रीताई म्हणायची.

“ताई नमस्कार, मी वर्गाकडून बोलतेय. ओळखलंत?”

“न ओळखून सांगते कुणाला? माझी सख्खी बहीण इतक्या नेमाने फोन करत नाही.”

“तुमची प्रगती फारच छान दिसतेय, ताई. एकोणिसावा धडा तुम्ही एक्केचाळीस वेळा बघितलात!”

“बेचाळीस. सकाळी कामावर निघताना एकदा बघितला.”

“बघा! इतकी आवड आहे म्हणजे...”

“आवड कसली डोंबलाची! बाही बसत नाही.”

समोरच्या पडद्यावर पुढचं वाक्य लुकलुकत होतं. शास्त्रज्ञने ते वाचलं नाही. “म्हणजे?” तिने विचारलं.

“म्हणजे बसत नाही. मुंढ्याला लावायला गेलं की कमी पडते. ओढून लावली की काखेत चुण्या, आणि हात वर केला की सगळा सदरा वर. जुन्या चादरींच्या तेवीस बाह्या कापून झाल्या माझ्या. मॅडम सांगतात तसंच करते, अगदी त्यांच्या पाठोपाठ. आणि शनिवारी अकराला परीक्षा आहे.”

परीक्षा कसली ते मग कळलं. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात बेतायला बाई हवी होती. सदऱ्याचं अंग तयार देणार, कापड देणार. बाही बेतायची, कापायची, लावून दाखवायची. बसली तर नोकरी. सोळा वर्षं ओल्या चादरी उचलून लाँड्रीताईंची पाठ कामातून गेली होती.

“आणि नाहीच बसली तर मी मशीन जावेला देऊन टाकणार. तीनदा मागितलंय तिने. तुम्ही म्हणालात, आणखी तीन महिने घ्या, पक्कं होईल. घेतले. आता माझ्याच डोक्यात जात नसेल तर तुम्ही तरी काय कराल? सेहेचाळीसाव्या वर्षी हा खटाटोप करायलाच नको होता.”

विद्यार्थी स्वतःला कमी लेखू लागला की काय बोलायचं, तेही कविराजाने लिहून ठेवलं होतं. शास्त्रज्ञच्या तोंडून ते सवयीने अर्धं निघालंच. “म्हणूनच तर तुम्हाला पायरी दोन...”

“काय?”

“काही नाही. शनिवारसाठी शुभेच्छा, ताई.”

फोन ठेवल्यावर तिने पुढचा नंबर लावला नाही. उठून पाणी प्यायली, परत बसली, पुन्हा उठली. तेवीस बाह्या! बेचाळीस वेळा बघून, पाठोपाठ करून, तेवीस वेळा चुकणारा माणूस मंद नसतो. इतक्या वेळा एकच उत्तर येत असेल तर आधी उपकरण तपासायचं, हे तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

गुरुवारी सकाळी ती अर्धा तास लवकर आली आणि लाँड्रीताईंची फाइल उघडून आत शिरली. गरम यादीत फक्त एकूण मिनिटं दिसायची. आत प्रत्येक धड्याचा सेकंदासेकंदाचा आलेख होता, आणि तो उघडायची कुणालाच गरज पडली नव्हती. एकोणिसाव्या धड्याचा आलेख जवळजवळ सपाट होता. फक्त सात मिनिटं बावन्न सेकंदांवर खांबासारखा एक सुळका.

तिने यादीतली दुसरी फाइल उघडली. सुळका तिथेच. तिसरी, दहावी, चाळिसावी. पायरी एकच्या गरम यादीत दोनशे बारा जणी होत्या. सगळ्यांचे बघून होईतो साडेदहा वाजले आणि तिचा गुडघा टेबलाला धडका मारायला लागला. आवड असती तर ती बावीस धड्यांवर विखुरली असती. कुणाला खिसा आवडेल, कुणाला गळा. दोनशे बारा बायकांचं प्रेम नेमकं एकाच सेकंदावर कसं काय बसेल? ही आवडीची यादी नव्हतीच. ही अडकलेल्यांची यादी होती. कंपनी रोज सकाळी अडकलेल्या बायका निवडून काढत होती आणि त्यांना म्हणत होती, तुमची प्रगती छान आहे, आता पायरी दोन घ्या, कोट शिका.

तिने कानाला हेडफोन लावून धडा सुरू केला. शिकवणाऱ्या शिवणबाई, पन्नाशीच्या, चष्मा नाकावर, टेबलावर सदऱ्याचं अंग पसरलेलं. “बाही बेतायची तर आधी मुंढा मोजायचा,” त्या म्हणाल्या. मुंढा म्हणजे अंगाला बाहीसाठी ठेवलेलं भोक. “आता असं करायचं. झालं? जे माप येईल त्यात दोन सेंटीमीटर मिळवा, तेवढा बाहीचा माथा.” म्हणजे मुंढ्याला जोडायची बाहीची वरची गोल कड.

शास्त्रज्ञने मागे नेलं. आता असं करायचं. झालं? पुन्हा मागे नेलं. ‘करायचं’ म्हणताना टेप टेबलावर होती. ‘झालं’ म्हणताना ती बाईंच्या गळ्यात होती.

“कविराज, हे धडे कापायचं काम आधी तुमच्याकडे होतं ना?”

“होतं. मग माझी प्रतिभा ओळखून मला इकडे बसवलं.”

“इथे काय कापलंत?”

“मी नाही, सॉफ्टवेअरने. शांतता कापतं ते. एक सेकंदाच्या वर कुणी गप्प राहिलं की कचकन तेवढा तुकडा उडवतं. लांब धडे लोक अर्धवट सोडतात, मग त्यांचं नूतनीकरण होत नाही, असं तुमच्याच विभागाने लिहून दिलं होतं. वीस मिनिटांचा धडा अकरावर आला. साहेब इतके खूश झाले की सगळ्यांना कॉफी पाजली.”

“पण शिवताना माणूस गप्पच असतो!”

कविराज विचारात पडला. “सुतारही गप्प असतो,” तो म्हणाला. मग म्हणाला, “बापरे.”

“मूळ चित्रीकरण?”

“पुसलं. जागा खात होतं.”

टक्केताईंनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वाईट नव्हत्या त्या. त्यांनी आलेखही बघितला. “सोमवारी साहेबांपुढे ठेवू,” त्या म्हणाल्या. “पण एक सांग, या यादीवर आपल्या पायरी दोनचे साठ टक्के उभे आहेत. धडा चुकलाय म्हणून सांगितलं तर दोनशे बारा जणी भांडायला येतील. आणि आपण विकणाऱ्या. धड्याच्या आतलं आपण बोलायचं नाही, ते शंकांच्या विभागाचं काम. लाव तिला शंकेचा फॉर्म भरायला.”

“उत्तर तीन दिवसांनी येतं. तिची परीक्षा परवा आहे.”

“मग ती सोमवारी पुन्हा शिकेल,” टक्केताई म्हणाल्या, आणि वाक्य आपल्यालाच आवडलं नाही अशा चेहऱ्याने पडद्याकडे वळल्या.

त्या संध्याकाळी घरी शास्त्रज्ञने जुनी वर्तमानपत्रं, टेप आणि टाचण्या घेऊन जेवणाच्या टेबलाचा ताबा घेतला. तिचे बाबा छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झाले होते आणि अजूनही पेपर पेन्सिल हातात घेऊनच वाचत. पहिल्या धड्यापासून बरहुकूम बेतून तिने त्यांच्या अंगावर कागदी सदरा चढवला. बाही लावली. नऊ टाचण्या वाकवल्यावर कशीबशी लागली.

“हात वर करा.”

“का? दरोडा घालतेयस?”

“बाबा, करा ना!”

बाबांनी हात वर केला आणि काखेत टर्रकन आवाज झाला.

“मी काही हललो नाही हं,” बाबा म्हणाले. “तुझा कागदच फाटला. बातमीही वाचायची राहिली होती.”

तिने दुसरी बाही कापली. तीही कमी पडली. तिसरीही. लाँड्रीताईंच्या तेवीस बाह्या तिला आता हातात कळत होत्या. मुंढ्याची कड मोजली की एक्केचाळीस, बाहीची कड त्रेचाळीस, म्हणजे धड्यात सांगितल्याप्रमाणे दोन जास्त. तरी ती पुरत नव्हती. कागद खोटं बोलत नव्हता आणि टेपही नाही. मग काय? ती टेबलाभोवती फेऱ्या घालायला लागली. बाबा एक बाही चढवून, दुसरा हात उघडा, तसेच खुर्चीत पेपर वाचत बसले.

“मला सोडणार आहेस की असाच झोपू?”

“थांबा. टाचणी लागेल. ती कडेवर नाही लावलेली, सेंटीमीटरभर आत...”

आणि ती थबकली. टाचणी कडेवर नव्हती. शिवण कडेवर येतच नाही! ती एक सेंटीमीटर आत येते, म्हणजे कापडात. आणि कापडात शिरलं की भोक मोठं होतं. बाही तर शिवायची भोकाच्या शिवणीला. कडेला काय जोडायचंय? कड मोजली म्हणजे माप चुकलंच. पूर्ण वर्तुळ असतं तर एका सेंटीमीटरने घेर सव्वासहाने वाढला असता. मुंढा म्हणजे दोन अर्धवट वळणं, तेव्हा इतका नाही वाढणार. तिने पेन्सिलने शिवणीची रेष काढली आणि टेप आडवी वळेना म्हणून तिच्या धारेवर उभी करून त्या रेषेवरून फिरवली. साडेचव्वेचाळीस. साडेतीनाचा फरक!

चौथी बाही बाबांच्या खांद्यावर अशी बसली की त्यांनी आपणहून हात वर केला, खाली केला, पुन्हा वर केला. “ही राहू दे,” ते म्हणाले. “हिच्यात छपाईची चूक नाही.”

शुक्रवारी सकाळी तिने कविराजाकडून शिवणबाईंचा नंबर काढला आणि जिन्यात उभं राहून स्वतःच्या मोबाइलवरून फोन केला.

“शिवणीच्या रेषेवरूनच मोजायचं,” शिवणबाई म्हणाल्या. “टेप उभी धरून. चांगली पाऊण मिनिट सावकाश फिरवून दाखवलीय मी.”

“पण तुम्ही बोलला नाहीत तसं.”

“बोलायचं काय त्यात? दिसतंय की!”

“बाई, तुम्ही तुमचे धडे कधी बघितलेत का?”

“मी कशाला बघू? मला येतं.”

आता सगळं हातात होतं, वेळ तेवढा नव्हता. लाँड्रीताईंची शुक्रवारची पाळी दुपारी दोनला सुरू व्हायची. कचेरीच्या फोनवरून एका विद्यार्थ्याला आठवड्यात तीनदाच फोन करता यायचा. चौथ्याला नंबर आपोआप बंद, आणि अनोळखी मोबाइलवरून आलेला फोन ताई उचलतीलच असं नव्हतं. एक बुधवारी झाला होता. दुसरा तिने साडेअकराला लावला.

“ताई, ऐका, बाहीचं कळलं. चूक तुमची नाही, धड्याची आहे. मुंढा कडेवर मोजायचा नाही...”

“हे बघा मॅडम,” लाँड्रीताई म्हणाल्या. आवाज थकलेला होता. “उद्या माझी परीक्षा आहे. आज मला नवीन काही विकू नका.”

“मी विकत नाहीये.”

“मग फोन कशाला केलात?”

“माप सांगायला. धड्यात ते अर्धवट आहे, मी काल स्वतः...”

“तीस वर्षं शिवणाऱ्या मॅडम चुकल्या, आणि फोनवर बोलणाऱ्या तुम्हाला बरोबर कळलं? आधी बाही सांगाल, मग म्हणाल आता कोट घ्या. मी इतकीही खुळी नाही.” फोन बंद झाला.

शास्त्रज्ञ उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. खरं तर ताईंचं बरोबर होतं. पाच महिने तिने याच आवाजात, याच ‘ताई, ऐका’ने सुरुवात करून विकलं होतं. आता तोच आवाज खरं सांगायला वापरला तर कुणाला कसं कळणार? दुसरा आवाज आणायचा कुठून? बाराला दहा कमी असताना तिने तिसरा आणि शेवटचा फोन लावला.

“ताई, माझ्यावर विश्वास ठेवू नका. मुळीच ठेवू नका. टेप आहे ना जवळ?”

“असणारच.”

“सदऱ्याचं अंग घ्या. मुंढ्याची कड मोजा.”

“पाठ आहे मला. बेचाळीस.”

“आता शिवण घालाल तिथे पेन्सिलने रेष काढा. एक सेंटीमीटर आत. आणि टेप उभी धरून ती रेष मोजा. मी काही बोलत नाही.”

फोनवर कापडाची सळसळ ऐकू आली, मग काहीच नाही. शास्त्रज्ञच्या पडद्यावर लाल पट्टी आली: ‘शांतता. संवाद सुरू करा.’ दहा सेकंद. वीस. पट्टी लुकलुकायला लागली आणि तशी ती टक्केताईंच्या पडद्यावरही दिसत असणार, कारण त्या खुर्चीतून उठून इकडे बघत होत्या. शास्त्रज्ञने दोन्ही हात गुडघ्यावर दाबून धरले. चाळीस सेकंद. तोंडाशी आलेले शब्द तिने गिळले.

“साडेपंचेचाळीस,” लाँड्रीताई म्हणाल्या.

“हं.”

“थांबा.” पुन्हा सळसळ, पुन्हा लाल पट्टी. “साडेपंचेचाळीस. दोनदा मोजलं.” मग तिकडे पुटपुटत हिशेब चालला. “म्हणजे माझी बाही चव्वेचाळीस आणि भोक साडेपंचेचाळीस.”

“हो.”

“तेवीस बाह्या,” लाँड्रीताई म्हणाल्या. आणि मग आवाज चढला. “अगं, सहा महिने मी रोज स्वतःला मूर्ख म्हणत झोपतेय! आणि तू, तू मला फोन करून सांगतेस, तुमची प्रगती छान आहे?”

“चुकलं माझं, ताई.”

“चुकलं म्हणे. ठेव फोन. दोनच्या आत मला एक कापून बघायचीय.”

फोन ठेवून शास्त्रज्ञने मान वर केली तेव्हा टक्केताई शेजारी उभ्या होत्या.

“धडा चुकलाय असं तू रेकॉर्ड होणाऱ्या लाइनवर सांगितलंस?”

“हो.”

“शंभर टक्के वेडी आहेस,” टक्केताई म्हणाल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आकडा पूर्ण भरला होता. “आता सोमवारी साहेब काय ते ठरवतील, तुझंही.” आणि जाता जाता, मागे न बघता, “बसली का तिची?”

“उद्या कळेल.”

शनिवार जाता जाईना. अकरा वाजले. लाँड्रीताईंचा नंबर आता सोमवारपर्यंत बंद, आणि स्वतःच्या मोबाइलवरून परीक्षेत बसलेल्या माणसाला फोन करण्याइतकी शास्त्रज्ञ निर्लज्ज नव्हती. तिने गरम यादीतली बाकीची नावं घेतली आणि एकेकीला तेच सांगायला लागली. पहिलीने विचारलं, यात सूट किती? दुसरी म्हणाली, मला कोट नकोय. तिसरी न ऐकताच ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणाली आणि मागे कुकरची शिट्टी झाली. बारा वाजले. बाही कापून झाली असेल, आता टाचत असेल. साडेबारा. कविराजाने कपाखाली चार घड्यांचा कागद सरकवला. गुडघा थांबायचं नाव घेत नव्हता. एक वाजेतो अकरा फोन झाले होते आणि अकरांतल्या दोघींनी टेप हातात घेतली होती.

दीड वाजता टेबलाच्या पलीकडच्या मुलीने हाक मारली. “शास्त्रज्ञ, कुणीतरी बाई आहे. म्हणते, मला मोजायला लावणारी मुलगी हवी.”

तिने फोन जवळजवळ हिसकावलाच.

“बसली,” लाँड्रीताई म्हणाल्या. मागे रस्त्याची वर्दळ होती. “कारखान्यातल्या मास्तरने बाही उलटी केली, सुलटी केली, मुठी घालून बघितली. मग सदराच स्वतःच्या अंगात घातला आणि माझ्यासमोर हात वर करून उभा राहिला. मला हसूच आलं.”

“घेतलं तुम्हाला?”

“सोमवारपासून ये म्हणाला. बेतायला लगेच नाही, महिनाभर आधी नुसत्या बाह्या लावायच्या. लावेन की. कोरड्या कापडाला हात लावायला मिळेल. आणि मशीन काही देत नाही मी जावेला.” मग एकदम, “बाकीच्यांना सांगितलंस का गं?”

“अकरा जणींना. दोघींनीच ऐकलं.”

“विकणारीचं कोण ऐकणार! मला दे नंबर, मी सांगते.”

“नंबर नाही देता येत, ताई. पण धड्याच्या खाली लिहायला चौकट आहे. तिथे लिहिलेलं सगळ्यांना दिसतं.”

“ती? तिथे तर नुसते ‘छान, छान’ म्हणून अंगठे दाखवतात.”

“तिथेच. पण तुमची मुदत आज सहाला संपतेय. त्यानंतर तुम्हाला लिहिता येणार नाही.”

“आणि तू मला मुदत वाढवून घ्या म्हणणार नाहीस?”

“नाही.”

“मग बस स्टॉपवरच लिहिते.”

दोन वाजून दहा मिनिटांनी एकोणिसाव्या धड्याखाली, शंभरेक अंगठ्यांच्या खाली, एक मजकूर उमटला. ऱ्हस्व-दीर्घाची पार वाट लागली होती. बाबांना दाखवला असता तर त्यांनी पेन्सिल मोडली असती. ‘ज्यांची बाहि बसत नाहि त्यांनी एका. तूम्ही ढ नाही. मुंढा कडेवर मोजु नका शिवणिच्या रेशेवर मोजा टेप ऊभी धरुन. माझ्या २३ बिघडल्या आज २५वी बसली.’

अर्ध्या तासात कुणीतरी खाली लिहिलं, ‘खरंच?’ मग कुणी, ‘मोजलं. फरक आला.’ मग एकीने नुसतं ‘आई गं!’ चारपर्यंत एकोणतीस जणी जमल्या होत्या. कुणी आपल्या बिघडलेल्या बाह्यांचा आकडा सांगत होती, कुणी शिव्या घालत होती, आणि लाँड्रीताई कुठल्याशा वॉर्डाच्या चादरी मशीनमध्ये टाकता टाकता एकेकीला उत्तरं देत होत्या. चौकटीत नाव न दिसता नुसता क्रमांक दिसायचा; सहा वाजता मुदत संपली आणि लाँड्रीताईंच्या क्रमांकापुढचा हिरवा ठिपका गेला.

सहा वाजून आठ मिनिटांनी प्रश्न आला: ‘मापात दोन सेंटीमीटर मिळवायचे ते बाहीला सगळीकडे वाटून की एकाच जागी?’

कचेरी रिकामी व्हायला लागली होती. शास्त्रज्ञने प्रश्न वाचला, कागदावर एक वळण काढलं, पुसलं, पुन्हा काढलं. याचं उत्तर सूत्रात कुठेच नव्हतं. खाली आणखी दोघींनी लिहिलं, ‘मलाही हेच विचारायचंय.’ तिने स्वतःचा मोबाइल काढून लाँड्रीताईंना लावला.

“ताई, एक जण विचारतेय. दोन सेंटीमीटर कुठे घालायचे? मला येत नाही.”

“माथ्यालाच गं! खांद्याच्या जरा अलीकडे, जरा पलीकडे, जिथे हाड गोल असतं तिथे. काखेत एक दोराही जास्त जाता कामा नये, नाहीतर तिथे गोळा होतो. लिही.”

शास्त्रज्ञ लिहायला लागली. खांद्याला पर्स अडकवून निघालेल्या टक्केताई मागे येऊन थांबल्या होत्या आणि तिच्या खांद्यावरून वाचत होत्या. “हाड गोल असतं तिथे,” त्या पुटपुटल्या, आणि त्यांचा हात नकळत स्वतःच्या खांद्यावर गेला.

“खाली तुमचं नाव घालू का, ताई? नुसतं माझं बघून कुणी ऐकायचं नाही.”

“नको, नको. माझी जाऊ वाचेल.”

“जाऊ?”

“तीही तुमच्याकडेच शिकते की. तिलाही तुम्हीच चढवलंत. एकोणिसाव्यावर अडकलीय, म्हणून तर तिला मशीन हवं होतं, माझं. तिला वाटतं तिचं मशीनच खराब आहे.” मागे पाण्याचा आणि लोखंडी ढोल फिरल्याचा आवाज येत होता. “घाल गं,” त्या म्हणाल्या. “घाल नाव. वाचू दे तिला.”